वैश्विक किरणांमुळे ढग कमी-जास्त होतात का? नगरच्या पावसापासून सर्नच्या प्रयोगापर्यंत सगळं सोप्या भाषेत

"आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणं पृथ्वीच्या जवळून जाणार आहेत, मोबाईल बंद ठेवा." हा मेसेज तुम्हालाही कधी ना कधी आलाच असेल. गेली अनेक वर्षं तो नासा आणि बीबीसीच्या नावाने फिरतोय. तो खोटा आहे. वैश्विक किरण ठरावीक रात्री येत नाहीत. ते दिवसरात्र, बाराही महिने येतच असतात. हा लेख वाचतानाही ते तुमच्या अंगातून आरपार जात आहेत.

पण याच किरणांबद्दल दुसरा एक दावा आहे आणि तो असा झटकून टाकता येत नाही. हे किरण आकाशातले ढग कमी-जास्त करतात आणि त्यातून पृथ्वीचं हवामान बदलतं, असं काही शास्त्रज्ञांनी मांडलं. त्यावर मोठमोठ्या नियतकालिकांत वाद झाले, सर्नमध्ये खास प्रयोग उभा राहिला आणि इस्रोच्या एका माजी अध्यक्षांनीही त्यावर शोधनिबंध लिहिला.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यासाठी हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. इथल्या दक्षिण भागात ढग येतात, थांबतात आणि न बरसता निघून जातात. अशा वेळी "यंदा सूर्यावरच काहीतरी गडबड आहे" असं कोणी सांगितलं की ते पटकन पटतं. म्हणून या दाव्यात खरं किती आणि ओढूनताणून किती, ते नीट पाहू.

वैश्विक किरण म्हणजे नेमकं काय?

नाव किरण असलं तरी हा प्रकाश नाही. हे अतिवेगाने धावणारे कण आहेत. त्यातले सुमारे ९० टक्के प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची केंद्रकं. उरलेल्यात बहुतेक हेलियमची केंद्रकं आणि थोडी जड मूलद्रव्यं. यातले बरेचसे आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या स्फोटांतून वेग घेऊन आलेले असतात. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस १९१२ मध्ये फुग्यात बसून पाच किलोमीटरच्या वर गेले, तेव्हा वर जाऊ तसं प्रारण वाढतं असं त्यांना दिसलं. या शोधासाठी त्यांना १९३६ चं नोबेल मिळालं.

असा एक कण वातावरणावर आदळला की हवेतल्या अणूंचे तुकडे होतात, ते तुकडे पुढच्या अणूंवर आदळतात आणि खाली येईपर्यंत कणांचा अक्षरशः पाऊस पडतो. या पावसाचं गणित १९३७ मध्ये मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते मुंबईचे होमी भाभा, दुसरे वॉल्टर हाइटलर. १९४५ मध्ये भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) सुरू केली, तेव्हा वैश्विक किरण हा तिथल्या सुरुवातीच्या मुख्य विषयांपैकी एक होता.

जमिनीपर्यंत पोहोचतात ते मुख्यतः म्युऑन नावाचे कण. अंदाज सांगायचा तर दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला एक. म्हणजे तुमच्या तळहातातून सेकंदाला साधारण एक तरी जातोच.

ढगांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की हे कण जाता जाता हवेतल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. त्यामुळे हवेत विद्युतभार असलेले रेणू तयार होतात. त्यांना आयन म्हणतात. ढगांचा सगळा वाद या आयनांभोवती आहे.

ढग तयार व्हायला काय लागतं?

तीन गोष्टी लागतात: बाफ, गारवा आणि बसायला जागा.

पहिल्या दोन सगळ्यांना माहीत आहेत. ओलसर हवा वर चढते, थंड होते आणि तिच्यातली वाफ पाण्यात बदलू पाहते. पण शुद्ध हवेत वाफेला नुसतं हवेत थेंब व्हायला फार जड जातं. तिला बसायला एखादा कण लागतो. धूळ, समुद्राच्या पाण्यातलं मीठ, चुलीचा धूर, गाड्यांचा धूर, झाडांतून निघणाऱ्या वायूंपासून झालेले कण, काहीही चालतं. फक्त तो पुरेसा मोठा हवा, म्हणजे साधारण ५० ते १०० नॅनोमीटर. यांना ढगबीजं म्हणू.

हिवाळ्यात पहाटे गाडीच्या काचेवर दव बसतं, तसंच हे. काच नसती तर दव बसलं कुठे असतं?

आता कणांचा प्रश्न पाहू. जमिनीवरच्या हवेत अशी बीजं दर घनसेंटीमीटरला शेकड्यांनी ते हजारांनी असतात. म्हणजे नगर, श्रीगोंदा किंवा पाथर्डीच्या आकाशात बीजांचा तुटवडा सहसा नसतो. तुटवडा असतो तो वाफेचा आणि हवा जोरात वर उचलणाऱ्या प्रवाहाचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग किरणांचा संबंध आला कुठून?

स्कॉटलंडचे सी. टी. आर. विल्सन १८९४ मध्ये बेन नेव्हिस डोंगरावर ढग पाहत होते. (भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाशी यांचा संबंध नाही. ते नाव मुंबईच्या गव्हर्नरचं.) प्रयोगशाळेत ढग बनवायचा म्हणून त्यांनी काचेचं पात्र तयार केलं आणि पुढे दिसलं की वेगवान भारित कण त्यातून गेला की त्याच्या वाटेवर थेंबांची पांढरी रेघ उमटते. आयनांवर थेंब बसत होते. या मेघकक्षासाठी त्यांना १९२७ चं नोबेल मिळालं.

साहजिकच पुढचा प्रश्न असा: जे पात्रात होतं, ते आकाशात का होणार नाही?

अडचण अशी, की नुसत्या आयनावर थेंब बसवायला विल्सनना हवेत नेहमीच्या मर्यादेच्या साधारण चौपट वाफ कोंबावी लागली. खऱ्या ढगात आर्द्रता शंभर टक्क्यांच्या वर जेमतेम एखादा टक्का जाते. त्यामुळे आकाशात आयन थेट ढगाचा थेंब बनवू शकत नाही. संबंध असलाच, तर तो आडवळणाने असणार.

१९५९ मध्ये अमेरिकेच्या एडवर्ड ने यांनी ही शक्यता मांडली. पण वाद पेटला तो १९९७ मध्ये. डेन्मार्कच्या हेनरिक स्वेन्समार्क आणि एगिल फ्रिस-क्रिस्टेन्सन यांनी उपग्रहांची आकडेवारी काढली आणि सांगितलं की वैश्विक किरण वाढले की ढग वाढतात, कमी झाले की ढग कमी होतात. फरक तीन ते चार टक्क्यांचा होता.

त्यांचा विचार साखळीसारखा होता:

१. सूर्य जास्त सक्रिय असला की त्याचा सौरवारा आणि चुंबकीय क्षेत्र बाहेरून येणाऱ्या किरणांना अडवतं. म्हणून दर ११ वर्षांच्या सौरचक्रात किरण कमी-जास्त होतात.
२. किरण कमी, तर आयन कमी.
३. आयन कमी, तर ढगबीजं कमी.
४. बीजं कमी, तर खालच्या थरातले ढग कमी. हे ढग ऊन परत फेकतात, म्हणून ते घटले की पृथ्वी तापते.

साखळी ऐकायला छान आहे. पहिल्या दोन कड्या तर पक्क्या आहेत, त्यावर कोणाचाच वाद नाही. प्रश्न तिसऱ्या आणि चौथ्या कडीचा आहे.

भारतातही हा विषय गाजला

जानेवारी २०११ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रा. यू. आर. राव यांचा शोधनिबंध आला. राव म्हणजे आर्यभट्ट उपग्रहामागचे शास्त्रज्ञ आणि इस्रोचे माजी अध्यक्ष. त्यांनी विक्रम साराभाईंच्या हाताखाली वैश्विक किरणांवरच काम केलं होतं, म्हणजे विषय त्यांच्या घरचा. त्यांचं म्हणणं असं होतं, की गेल्या सुमारे १५० वर्षांत वैश्विक किरण ९ टक्क्यांनी घटले, त्यामुळे खालचे ढग कमी झाले आणि त्यातून आलेली उष्णता कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाच्या तुलनेत दुर्लक्ष करण्याइतकी लहान नाही.

हे महत्त्वाचं का होतं? कारण तापमानवाढीतला मोठा वाटा सूर्य आणि किरणांचा असेल, तर कोळसा आणि डिझेलचा दोष तेवढा हलका होतो. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनीही हा निबंध चर्चेसाठी पुढे आणला. देशाने जगासमोर काय भूमिका घ्यायची, इथपर्यंत हा प्रश्न जात होता.

एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने मांडलं म्हणून ते खरं, असं विज्ञानात चालत नाही. आणि बाकीचे मान्य करत नाहीत म्हणून खोटं, असंही नाही. मोजावं लागतं.

सर्नचा 'क्लाऊड' प्रयोग: ढग पेटीत पकडला

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जॅस्पर कर्कबी यांच्या पुढाकाराने हा प्रयोग सुरू झाला. सुमारे २६ घनमीटरची, म्हणजे एका लहान खोलीएवढी, स्टेनलेस स्टीलची टाकी. आतली हवा अतिशय स्वच्छ. त्यात गंधकाम्ल, अमोनिया, झाडांतून येणारे वायू असं एकेक मोजून सोडायचं आणि वैश्विक किरणांच्या जागी सर्नच्या यंत्रातून येणारे पायऑन कण त्यातून पाठवायचे. किरण चालू, किरण बंद. मग कण किती तयार झाले ते मोजायचं.

२०११ मध्ये पहिला मोठा निकाल आला. किरण चालू असताना नवे कण दुप्पट ते दहापट किंवा त्याहूनही जास्त वेगाने तयार होत होते. बातम्या आल्या, की "स्वेन्समार्क बरोबर होते".

पण हे कण होते एक-दोन नॅनोमीटरचे. ढगबीज व्हायला त्यांना निदान ५० नॅनोमीटर व्हावं लागतं. व्यास तीसेक पट म्हणजे वस्तुमान हजारो पट. एवढं वाढायला वाटेत वायू खायला मिळाले पाहिजेत आणि तोवर मोठ्या कणांना चिकटून नाहीसं होता कामा नये. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उगवण दुप्पट झाली म्हणून पीक दुप्पट येत नाही. खत-पाणी तेवढंच असेल तर दाटीत निम्मी रोपं मरतात. इथेही तेच होतं.

पुढच्या वर्षांत याच टाकीत मोजलेले आकडे संपूर्ण पृथ्वीच्या संगणकीय प्रारूपात घातले. २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये निकाल आला: नवे कण तयार होण्यात आयनांचा हात आहे, पण सौरचक्रात किरण जेवढे बदलतात, त्याने ढगबीजांच्या संख्येत नगण्य फरक पडतो. त्याआधी २००९ मध्ये पियर्स आणि ॲडम्स यांनी केलेलं गणितही हेच सांगत होतं. परिणाम जेवढा लागतो त्याच्या साधारण शंभरावा हिस्सा.

म्हणजे तिसरी कडी तुटलेली नाही, पण ती इतकी बारीक आहे की तिच्यावर हवामानाचं ओझं टांगता येत नाही.

आकाशातली मोजमापं काय म्हणतात?

पहिलं: १९९७ चा जुळलेला आलेख पुढची वर्षं जोडल्यावर जुळेना. मग फक्त खालचे ढग घेतले. तोही संबंध १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर विस्कटला.

दुसरं: वैश्विक किरण मोजणारी न्यूट्रॉन मापक यंत्रं १९५० च्या दशकापासून सतत चालू आहेत. ११ वर्षांचा चढउतार त्यात स्पष्ट दिसतो, पण सलग घट दिसत नाही. तापमान मात्र १९७० नंतर झपाट्याने वाढलं. उलट २००९ मध्ये सूर्य इतका शांत होता, की किरणांनी अवकाशयुगातला उच्चांक गाठला. सिद्धांताप्रमाणे पृथ्वी थंड व्हायला हवी होती. २०१० हे त्या वेळपर्यंतच्या सर्वांत उष्ण वर्षांपैकी एक ठरलं.

तिसरं: सूर्यावर मोठा स्फोट झाला की काही दिवसांसाठी किरण अचानक घटतात. याला फोरबुश घट म्हणतात. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेतून आकाश लाल दिसलं, त्या सौरवादळातही असंच झालं. अशा दिवसांत ढग घटतात का, हे अनेक गटांनी तपासलं. स्वेन्समार्क यांच्या गटाला परिणाम दिसला, इतर अनेकांना तो सापडला नाही.

चौथं: सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अगदी क्षीण झालं होतं आणि किरण खूपच वाढले होते. बर्फात साठलेल्या बेरिलियम-१० वरून ते कळतं. त्याच बर्फात तापमानाची नोंदही आहे. त्यात त्या काळाला जुळणारा ठळक बदल दिसत नाही.

हे सगळं एकत्र पाहून आयपीसीसीने २०२१ च्या अहवालात सांगितलं, की १७५० पासूनच्या तापमानवाढीत वैश्विक किरणांचा वाटा नगण्य आहे. याच काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे २८० वरून ४२० च्या पुढे गेला.

आता आपल्या मान्सूनवर ताडून बघू

ढग वाढणं आणि पाऊस वाढणं ही एकच गोष्ट नाही, हे आधी सांगायला हवं. तरीही "किरण वाढले की पाऊस वाढतो" असं कोणी म्हटलंच, तर ही दोन उदाहरणं पाहा.

२००९: किरण विक्रमी. देशात मान्सून सरासरीच्या ७८ टक्के. दुष्काळ.
२०१९ आणि २०२०: सूर्य पुन्हा शांत, किरण पुन्हा जवळपास शिखरावर. मान्सून ११० आणि १०९ टक्के.

किरण सारखे, पाऊस उलटा. २००९ मध्ये प्रशांत महासागरात एल निनो तयार होत होता, तर २०१९ मध्ये हिंदी महासागरात पावसाला पोषक स्थिती होती. फरक त्यातून आला.

जुळवाजुळव करायची तर १९७२ चं उदाहरण फार मोहात पाडणारं आहे. नगरच्या जुन्या माणसांना तो दुष्काळ आजही आठवतो. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला प्रचंड सौरवादळ झालं आणि किरण एकदम घटले. "बघा, म्हणूनच पाऊस गेला!" पण ती घट काही दिवसांची होती. पावसाने त्याआधीच दगा दिला होता, आधीचं वर्षही महाराष्ट्रात कोरडंच गेलं होतं आणि १९७२ हेही एल निनोचंच वर्ष. दोन गोष्टी एका महिन्यात घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही.

नगर जिल्हा: तयार प्रयोगशाळाच

अकोले तालुक्यातलं घाटघर आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं जामखेड यांत सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर अंतर आहे. घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर दक्षिणेकडच्या तालुक्यांत पाचशे-सहाशे. एकाच जिल्ह्यात जवळजवळ दहापट फरक.

दोन्हीकडे येणारे वैश्विक किरण मात्र जवळपास सारखेच. फरक आहे सह्याद्रीचा. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला धडकून वर चढते, थंड होते, पाणी तिथेच सांडते. पलीकडे उतरताना ती गरम आणि कोरडी होते. यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

आणखी एक गंमत. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ कमी ऊर्जेच्या किरणांना आत येऊच देत नाही. दक्षिण भारत आणि आजूबाजूचा पट्टा तर जगात सर्वांत जास्त अडवणूक होणाऱ्या भागांपैकी एक आहे. सूर्याचा प्रभाव पडतो तो मुख्यतः कमी ऊर्जेच्या किरणांवर, आणि ते आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून ध्रुवांकडे सौरचक्रात किरण १५-२० टक्क्यांनी हलतात, तर आपल्याकडे काही टक्केच. म्हणजे हा परिणाम खरा असता, तरी तो सर्वांत कमी जाणवणाऱ्या जागांपैकी एक आपली असती.

उलटा संबंध मात्र खरा आहे

किरणांनी ढग बदलतात की नाही यावर वाद, पण ढगांमुळे जमिनीवर येणारे म्युऑन बदलतात हे नक्की. उटीला टीआयएफआरचं 'ग्रेप्स-३' नावाचं केंद्र आहे. १ डिसेंबर २०१४ ला तिथे एक गडगडाटी ढग आला आणि १८ मिनिटं म्युऑनची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली. त्यावरून शास्त्रज्ञांनी ढगातला विद्युतदाब काढला: सुमारे १३० कोटी व्होल्ट. हा निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ढगात विमान न पाठवता, जमिनीवर बसून ढगाचं व्होल्टेज मोजलं, तेही वैश्विक किरणांनी.

मग कृत्रिम पाऊस कसा चालतो?

इथे आपण तिसरी कडी स्वतःच्या हाताने जोडतो. किरणांची वाट न पाहता तयार क्षाराचे कण विमानातून थेट ढगात सोडतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात, म्हणजे आपल्या शेजारीच, शास्त्रीय पद्धतीने हा प्रयोग केला. योग्य ढगांच्या बाबतीत पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना दिसलं.

यातला 'योग्य ढग' हा शब्द महत्त्वाचा. आकाशात पाण्याने भरलेला ढगच नसेल तर बीज टाकून काही उगवत नाही. १८ टक्के वाढ म्हणजे दहा मिलिमीटरचे बारा होतील, शून्याचे काही होणार नाहीत.

थोडक्यात सांगायचं तर

- वैश्विक किरण हवेत आयन तयार करतात: खरं.
- आयनांमुळे सूक्ष्म कण जास्त तयार होतात: खरं, सर्नने मोजलं आहे.
- त्यामुळे ढग लक्षणीय बदलतात: तसा भक्कम पुरावा नाही. परिणाम असलाच तर फार लहान.
- तापमानवाढ त्यामुळे झाली: नाही.
- यंदाचा पाऊस त्यावरून सांगता येतो: नाही. त्यासाठी एल निनो, हिंदी महासागर आणि हवामान खात्याचे अंदाज पाहा.

हिवरे बाजारने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. गावात पाऊस मोजायचा, वर्षाचं पाण्याचं अंदाजपत्रक मांडायचं आणि पाणी कमी असेल तर पीक त्याप्रमाणे निवडायचं. आकाशातून किती प्रोटॉन आले यावर आपला ताबा नाही, पण शिवारात किती मिलिमीटर पडला आणि त्यातला किती जिरला, हे मोजायला साधं पर्जन्यमापक पुरतं. पुढच्या वेळी "सूर्यामुळे पाऊस गेला" असा मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: मग घाटघरला कसा पडला?